शिष्यवृत्तीचा फॉर्म भरलाय, सेमिस्टर संपत आलं, पैसे नाहीत – हे चालतं तरी कसं?

रातांबा | ८ डिसेंबर, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. चाळीस कलमं आणि थोडी काजू, एवढ्यावर घर चालतं. मोठा मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, लांबच्या कॉलेजात, खोली घेऊन राहतो. आम्ही खुल्या प्रवर्गातले, त्यामुळे राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, भरतो.

पहिल्या वर्षी ऑफिसात म्हणाले, अर्धी फी आत्ता भरा, उरलेली शिष्यवृत्तीतून वळती होईल. यंदा म्हणाले पूर्ण भरा, पैसे आले की तुमच्याच खात्यात जमा होतील. जुलैत आमच्याकडे पूर्ण फी कुठली असणार? आंब्याचे पैसे मेअखेर हातात येतात आणि खत, गडी, सोसायटीची थकबाकी यात जून उजाडायच्या आत संपतात. जमले तेवढे भरले, बाकीचं हमीपत्र लिहून दिलं.

आता परीक्षा बारा दिवसांवर आली आहे. काल मुलाला ऑफिसातून सांगितलं की बाकी भरल्याशिवाय हॉल तिकीट मिळणार नाही. पोर्टलवर ऑगस्टपासून एकच ओळ दिसते, 'अंडर स्क्रुटिनी', म्हणजे तपासणी चालू. मुलगा फोनवर नीट बोलत नाही. आई विचारते जेवलास का, तर हो म्हणतो आणि ठेवतो.

दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एक, हे पैसे सेमिस्टरमध्ये नक्की कधी आणि कुठून येतात? दोन, हॉल तिकिटाचं काय करू? कुणाकडे हात पसरायचा तर आधी नीट माहिती तरी असावी.

---

शाईपेन | ८ डिसेंबर, रात्री १०.३५

रातांबा, आधी हॉल तिकीट, कारण तारीख त्याची आहे.

उद्या सकाळी मुलाबरोबर स्वतः जा. खिडकीवर बोलू नका, प्राचार्यांना भेटा. हातात साध्या कागदावर अर्ज असू द्या: शिष्यवृत्तीचा अर्ज क्रमांक, भरलेल्या अर्जाची छापील प्रत, आतापर्यंत भरलेल्या पावत्या, आणि "उर्वरित रक्कम शिष्यवृत्ती जमा झाल्यावर किंवा अमुक तारखेपर्यंत, जे आधी होईल तेव्हा भरेन" असं तारखेसह हमीपत्र. आवक नोंदवून घ्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. मी रत्नागिरी जिल्ह्यात कॉलेजच्या ऑफिसात तीस वर्षं काढली. तोंडी विनंती खिडकीवरच विरते. आवक क्रमांक पडलेल्या कागदाला कुणालातरी उत्तर द्यावं लागतं.

आता पैसे कसे येतात ते सांगतो. जरा सविस्तर लिहितो, कारण पालकांना हे कुणी समजावत नाही.

विद्यार्थ्याने फॉर्म सबमिट केला की तो कॉलेजच्या कारकुनाच्या लॉगिनला पडतो. तो कागद तपासून पुढे पाठवतो तेव्हा प्राचार्यांच्या लॉगिनला जातो. तिथून संबंधित विभागाकडे: इंजिनीअरिंगचा असेल तर तंत्रशिक्षण, बीए-बीएस्सीचा असेल तर उच्च शिक्षण, मागासवर्गीय शिष्यवृत्ती असेल तर समाजकल्याण किंवा बहुजन कल्याण. विभागाची मंजुरी झाली की निधी उपलब्ध असेल त्याप्रमाणे पैसे सुटतात आणि तेही दोन हप्त्यांत. म्हणजे मंजुरी आणि पैसे यांच्यातही अंतर असतं. पहिलं सेमिस्टर डिसेंबरात संपतं. पहिला हप्ता त्याच्या आत मिळालेली मुलं मी फार थोडी पाहिली. फॉर्मची मुदत वाढत वाढत जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत जाते आणि पैसे त्यानंतर.

'अंडर स्क्रुटिनी' ही ओळ यातल्या कुठल्याही टेबलाला लागू पडते. म्हणून ऑफिसात "पैसे कधी येणार" असं विचारू नका, ते कारकुनाला खरोखरच ठाऊक नसतं. "आमचा अर्ज आत्ता कोणाच्या लॉगिनला आहे" असं विचारा. याचं उत्तर त्याच्या स्क्रीनवर असतं. चार महिने तीच ओळ म्हणजे माझ्या अंदाजाने तो कॉलेजच्या बाहेर गेलेलाच नाही.

---

हातखंबा_नाका | ८ डिसेंबर, रात्री ११.२०

शाईपेन काका, तुमचा मान राखून बोलतो. हमीपत्र, विनंती अर्ज, हे सगळं पालकानेच का करायचं? पात्र विद्यार्थ्याकडून शिष्यवृत्तीचा भाग प्रवेशाच्या वेळी मागू नये अशा शासनाच्या सूचना आहेत. पूर्ण फी मागितली तिथेच चूक झाली. रातांबा, थेट तंत्रशिक्षणच्या विभागीय कार्यालयात लेखी तक्रार करा.

---

शाईपेन | ९ डिसेंबर, सकाळी ७.०५

सूचना आहेत, हे बरोबर आणि पूर्ण फी मागणं चूक, हेही बरोबर. तक्रार जरूर करावी. पण तक्रारीचं उत्तर यायला महिना लागेल आणि पेपर बारा दिवसांवर आहे. एका पेपराला बसता आलं नाही तर वर्षभर पाय अडकतो. म्हणून अर्ज आज, तक्रार पेपर झाल्यावर.

दुसरी बाजूही सांगतो. विनाअनुदानित कॉलेजात शिक्षकांचे पगार या फीमधूनच होतात. शासनाकडून मागच्या वर्षाचे पैसे आलेले नसले की व्यवस्थापन पालकांच्या मागे लागतं. ते मुलांवर ढकलणं मला नोकरीत असतानाही पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण दाब कुठून येतो ते कळलं की कोणाशी काय बोलायचं ते कळतं.

---

सोलकढी | ९ डिसेंबर, दुपारी १.५०

मी बँकेत आहे, आमच्या शाखेत जानेवारी ते एप्रिल ही मुलं रोज येतात. "पोर्टलवर पैसे दिले दिसतंय, खात्यात नाहीत." दहातल्या बऱ्याच जणांची गोष्ट एकच निघते.

खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, ते सीड असणं (तशी नोंद असणं) वेगळं. केवायसीसाठी आधार तुम्ही चार बँकांना दिलेलं असेल. पण सरकारी पैसे कुठे जायचे याची नोंद एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जोडणारी राष्ट्रीय संस्था) असते आणि ती एका वेळी एकाच बँकेची असते. सर्वात शेवटी ज्या बँकेत तशी संमती दिली, तिथे पैसे जातात. मुलगा कॉलेजच्या गावी नवं खातं उघडतो, फॉर्मवर सही करताना ती चौकट टिक होते आणि नोंद बदलते. किंवा उलटं: नवं खातं वापरात आहे, पण नोंद अजून शाळेतल्या शून्य शिल्लक खात्याची.

माय आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहता येतं. बँकेचं नाव आणि सीडिंग चालू आहे की नाही तेवढं दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे, आजच करा.

आणि शाळेचं खातं निघालं तर एक गोष्ट हमखास राहिलेली असते. ते खातं अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, म्हणून उघडलेलं असतं. अठरा पूर्ण झाल्यावर मुलाची नव्याने केवायसी आणि नमुना सही व्हावी लागते. ती नसेल तर व्यवहार थांबतात. पालकाच्या सहीने मग काही होत नाही, मुलालाच यावं लागतं. शंभर किलोमीटरवरून एका सहीसाठी आलेली पोरं पाहिली की वाईट वाटतं. गणपतीला घरी येतात तेव्हाच उरकून घ्या.

---

रापण | ९ डिसेंबर, संध्याकाळी ६.१५

माज्या झिलाचा पण गेल्या वर्साक असाच झाला. आमी देवगडाकडली, घोव ट्रॉलरवर जाता. झिलाच्या आधाराक बापाचो नंबर लावलेलो. एक ऑगस्टाक मासेमारीची बंदी सुटली, बोट गेली, ती आठ-धा दिवस परत नाय. फॉर्म भरूक ओटीपी होयो आणि फोन बापाच्या वांगडा दर्यात, थयसर रेंज खयची? दोनदा झिल सायबर कॅफेत बसान परत इलो. शेवटाक आधार केंद्रात जावन त्येचो स्वताचो नंबर लावन घेतलंय.

जून-जुलै मासेमारी बंद आणि फी पण तेवाच. घरात काय येणा नाय आणि भरूचा सगळा. सोना ठेवून भरलंय, मार्चात पैशे इले तेवा सोडवलंय. रातांबा भाऊ, धीर धरा. झिलाक सांगा पेपराचा बघ, पैशाचा आमी बघतो.

---

सुरंगी | ९ डिसेंबर, रात्री ८.४०

मी स्वतः विद्यार्थिनी, तिसऱ्या वर्षाला. घर गुहागरकडे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या मुलींना, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झाला असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे. आधी ५० होती. व्यवस्थापन कोट्यातून किंवा खाजगी अभिमत विद्यापीठात प्रवेश घेतला तर नाही.

हे ऐकून आमच्या गावात सगळ्यांना वाटलं, हिचं आता फुकट. बाबांनी तर माझ्या नावाने ठेवलेली रक्कम धाकट्याच्या क्लासला दिली. मग ऑगस्टमध्ये डेव्हलपमेंट फी, वसतिगृहाचं डिपॉझिट, मेस, जर्नल, ड्रॉइंगचं साहित्य एकदम समोर आलं. माफ होते ती शिक्षण फी. राहणं-जेवणं माफ होत नाही.

मला उपयोगी पडलं ते लिहिते. आई आणि मी बसून वहीत महिने लिहिले आणि पुढे त्या महिन्यात नक्की लागणारी रक्कम. शिष्यवृत्तीचे पैसे जून ते फेब्रुवारी या महिन्यांत लिहिलेच नाहीत, आले तर आले. त्यामुळे कुठल्या महिन्यात किती कमी पडतं ते मेमध्येच कळलं आणि आईने बचत गटातून त्या आकड्याएवढंच कर्ज घेतलं.

---

हातखंबा_नाका | ९ डिसेंबर, रात्री ९.३०

सुरंगी, छान लिहिलंस.

शाईपेन काका, एक विचारतो. बहिणीकडे नॉन क्रीमी लेअर दाखला (मागासवर्गातल्या उन्नत गटात मोडत नसल्याचा) आहे. तरी कॉलेज उत्पन्नाचा दाखलाही मागतंय. एकच गोष्ट दोनदा का?

---

शाईपेन | १० डिसेंबर, सकाळी ६.५०

एकच गोष्ट नाही. नॉन क्रीमी लेअर ठरवताना पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. तहसीलदारांच्या उत्पन्न दाखल्यात ते धरलं जातं. त्यामुळे आईवडील दोघे शिक्षक असलेल्या घरात नॉन क्रीमी लेअर असतं, पण उत्पन्न ८ लाखांच्या वर जातं आणि शिष्यवृत्ती बसत नाही. दोन्ही कागद द्यायचे.

उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. एप्रिल उजाडला की तलाठ्याचा अहवाल घेऊन सेतूत नवा काढायचा. जूनमध्ये गेलात तर अख्खा तालुका तिथे रांगेत असतो, सर्व्हर डाऊन असतो आणि वर पाऊस.

फीच्या पावतीकडेही नीट बघायला सांगतो, कारण "अर्धी फी माफ" या दोन शब्दांनी पुष्कळ घरांचा हिशेब चुकला आहे. समजा शिक्षण फी ८०,००० आणि डेव्हलपमेंट फी १०,०००. एकूण ९०,०००. शाहू शिष्यवृत्तीत मुलाला शिक्षण फीच्या ५० टक्के मिळतात, म्हणजे ४०,०००. परीक्षा फीच्या निम्मे वेगळे. घरून लागतात ५०,०००, पंचेचाळीस नव्हेत. विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तिचं विभाजन तिथे पाहायला मिळतं. पावतीवर जिम, ग्रंथालय, अमुक निधी असं काही वेगळं दिसलं तर विचारायचं.

---

कातळशिल्प | १० डिसेंबर, दुपारी १२.२५

आमची भाची अनुसूचित जातीतली, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. बी.टेक.ला आहे. तिच्या खात्यात मध्येच मोठी रक्कम आली. भावोजींनी घराच्या छपराला घातली. आता कॉलेज म्हणतंय ती फी होती.

---

शाईपेन | १० डिसेंबर, दुपारी २.१०

कातळशिल्प, हे ताबडतोब निस्तरा. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, राज्याचा ४० टक्के वेगळा. दोन वेळा, दोन तारखांना. त्यात कॉलेजची फीही असते आणि मुलीचा निर्वाह भत्ताही. फीचा भाग आल्यापासून सात दिवसांत कॉलेजला भरायचा असतो. निर्वाह भत्ता तिचा: बी.टेक.सारख्या पहिल्या गटातल्या अभ्यासक्रमाला वसतिगृहात राहत असेल तर वर्षाला १३,५०० आणि घरून जात असेल तर ७,०००.

कॉलेजला जाऊन आलेल्या रकमेतला फीचा आकडा लेखी मागा आणि हप्ते बांधून द्या. भावोजींना रागावू नका. पावसाआधी छप्पर गळतंय आणि खात्यात पैसे दिसतायत, तर कुणीही तेच करेल. रक्कम कशाची आहे हे मेसेजमध्ये लिहिलेलंच नसतं.

---

वाशिष्ठीकाठ | १० डिसेंबर, रात्री ११.००

चिपळूणकर. २२ जुलै २०२१ ला घरात पाणी शिरलं तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होतो. आधी आम्ही माळ्यावर चढलो, कागदांची पत्र्याची पेटी खालीच राहिली. दोन दिवसांनी उघडली तर दाखले, गुणपत्रिका, रेशनकार्ड, सगळ्याचा चिखल. त्याच वर्षीचा फॉर्म भरायचा होता.

बारावीचं आणि आधार डिजिलॉकरवर मिळालं. आपले सरकारवरून पूर्वी काढलेल्या दाखल्याचा क्रमांक एका जुन्या ई-मेलमध्ये सापडला, तो परत छापता आला. शाळा सोडल्याचा दाखला मात्र दुय्यम प्रत काढावी लागली, त्याला सर्वात जास्त वेळ गेला. तेव्हापासून माझ्या घरी प्रत्येक कागदाचा फोटो काढून मेलवर टाकलेला असतो. नदीकाठच्या सगळ्यांना कळकळीने सांगतो, हे या आठवड्यात करा.

शैक्षणिक कर्जाचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. मी घेतलं होतं. पूर्ण रक्कम एकदम मिळत नाही. दर वर्षी किंवा दर सेमिस्टरला कॉलेजचं फी मागणीपत्र आणि मागच्या सेमिस्टरची गुणपत्रिका दिली की बँक कॉलेजच्या खात्यात परस्पर भरते. निकाल लांबला की हप्ता लांबतो. माझा एक विषय राहिला होता तेव्हा मॅनेजरांनी बोलावून घेतलं, पण केटी घेऊन पुढच्या वर्षात गेलो होतो म्हणून हप्ता थांबला नाही. वर्षच राहिलं असतं तर कर्ज आणि शिष्यवृत्ती दोन्ही अडली असती.

---

रातांबा | १३ डिसेंबर, रात्री ९.००

मंडळी, परवा पहाटेची एसटी पकडून कॉलेजला जाऊन आलो.

शाईपेन यांनी सांगितला तोच प्रश्न विचारला. बाईंनी स्क्रीन वळवून दाखवली. अर्ज त्यांच्याच लॉगिनला होता आणि ऑक्टोबरमध्ये 'सेंड बॅक' झालेला, म्हणजे दुरुस्तीसाठी परत पाठवलेला. कारण: उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा. त्याचा मेसेज गेला होता मुलाच्या जुन्या नंबरावर, जो पहिल्या वर्षानंतर बंद झाला. मुलगा बघत होता ती स्क्रीन मागच्या वर्षाच्या अर्जाची निघाली, त्यावर दुसरा हप्ता अजून बाकी आहे. हे कळल्यावर तो तिथेच खांबाला टेकून उभा राहिला, काही बोलेना. मी म्हटलं, तुझी चूक नाही रे, मलाही नसतं कळलं.

प्राचार्य भले गृहस्थ निघाले. अर्ज वाचला, हमीपत्रावर ३१ मार्च तारीख घालून घेतली आणि तिथेच फोन करून हॉल तिकीट द्यायला सांगितलं. मुलाच्या हातात पडलं तेव्हा त्याने पहिल्यांदा विचारलं, बाबा, तुम्ही काही खाल्लंत का?

आज राजापुरात जाऊन उत्पन्नाचा नवा दाखला टाकलाय. सीडिंगही पाहिलं. सोलकढी, तुम्ही म्हणालात तसंच आहे. पाचवीत उघडलेलं खातं, पासबुक कुठे आहे देव जाणे.

---

सोलकढी | १३ डिसेंबर, रात्री ९.४०

पेपर संपल्यावर तो घरी येईल तेव्हा आधार, पॅन असेल तर पॅन, दोन फोटो घेऊन त्याच शाखेत न्या. केवायसी झाली की तेच खातं चालू ठेवा. आता घाईने दुसऱ्या बँकेत नोंद बदलू नका. मागच्या वर्षाचा हप्ता वाटेत असेल तर नसता गोंधळ.

---

रापण | १४ डिसेंबर, सकाळी ८.००

बरा झाला भाऊ. वाचून बरा वाटला.

---

रातांबा | २ मार्च, रात्री ८.१५

धागा वर काढतो, कारण वाचणाऱ्याला पुढे काय झालं ते कळायला हवं.

मुलगा सगळ्या पेपरांना बसला. डिसेंबरअखेर केवायसी झाली. अर्ज जानेवारीत प्राचार्यांकडून पुढे गेला. मागच्या वर्षाचा दुसरा हप्ता फेब्रुवारीच्या मध्यावर खात्यात आला, तो त्याच दिवशी कॉलेजला भरून पावती घेतली. यंदाचा पहिला हप्ता अजून विभागाकडे आहे. ३१ तारखेला तो आला नसेल तर बाकी भरायची तजवीज काजूवर केली आहे, बी सुकायला घातली आहे.

तंत्रशिक्षणला पत्रही लिहिलं, हातखंबा_नाका. कॉलेजविरुद्ध म्हणून लिहिलं नाही. 'सेंड बॅक' झालेल्या मुलांची यादी दर महिन्याला नोटीस बोर्डावर लावावी, एवढंच मागितलं. ऑफिसातल्या त्या बाईंना प्रत दाखवली, तर त्यांनी स्वतःहून या महिन्याची यादी लावली. त्यात सव्वीस नावं होती. मुलाने आपल्या वर्गातल्या सात जणांना फोन केले.

शाईपेन, एक शंका उरली. दुसऱ्या हप्त्याला उपस्थिती लागते म्हणतात. मुलगा जानेवारीत तापाने आठ दिवस घरी होता. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आत्ताच देऊन ठेवू का?

---

शाईपेन | ३ मार्च, सकाळी ६.४०

आत्ताच द्या, विभागप्रमुखांकडे, आणि प्रतीवर शिक्का घ्या. सेमिस्टरच्या शेवटी दिलेलं सर्टिफिकेट कुणी बघत नाही.

सव्वीस नावांची यादी लागली हे वाचून फार आनंद झाला. ती यादी एप्रिलमध्येही लागते का, तेवढं मुलाला बघायला सांगा.